टपावरच्या तंबूत उकडतंय? पंखा घ्यायच्या आधी हे बघून घ्या

"मामा, तंबूला आणखी एक खिडकी मारून द्या की. आत झोपवत नाही."

मार्च लागला की हे वाक्य दुकानात येतंच. मी मूळचा हूडवाला. जीपचे हूड, टेंपोच्या ताडपत्र्या, सीटची कव्हरं, यातच हयात गेली. पुढं बेळगावहून चोर्ला घाटातून गोव्याला जाणाऱ्या गाड्यांच्या टपावर घडीचे तंबू दिसायला लागले, त्यांच्या चेनी तुटायला लागल्या, आणि असल्या जाड कापडावर सुई चालवणारा म्हणून ते माझ्याकडं यायला लागले. मग मलाही हौस आली. एक जुना तंबू दुरुस्त केला आणि आमच्याच गाडीच्या टपावर चढवला.

उकाड्याची तक्रार घेऊन आलेल्या बहुतेक तंबूंना मी कात्री लावत नाही. गिऱ्हाइकाला बसवतो, चहा सांगतो आणि चार गोष्टी विचारतो. त्याच इथं लिहून ठेवतोय, म्हणजे चहाचे पैसे तरी वाचतील.

आधी लक्षणं

नुसतं "उकडतंय" म्हटलं तर मला काही कळत नाही. कधी, कुठं आणि कसं उकडतंय ते सांगा.

- तंबू उघडल्या उघडल्या तोंडावर भट्टीसारखी झळ येते, तासा-दीड तासानं उतरते: दिवसभराचं ऊन गादीत आणि कापडात साठलंय.
- नऊ-दहाला झोप लागते, पण रात्री एक-दोनला घुसमटून जाग येते. हवा जड, छताच्या कापडाला हात लावला तर ओलसर: तुमचाच श्वास आणि घाम आत कोंडलाय.
- फक्त पाठ भिजते, कुशीवर वळलं की बरं वाटतं: तंबूचं काही नाही, गादीचं आहे.
- एकाच बाजूला खालून ऊब लागते: गाडीच्या केबिनमधून किंवा बॉनेटकडून येतेय.
- शिडीवरून खाली उतरलं की छान वारा, आत मात्र पान हलत नाही: खिडक्या चुकीच्या उघडल्यात, नाहीतर गाडी चुकीच्या तोंडानं उभी आहे.
- रात्र चांगली जाते, सकाळी सहानंतर आत थांबवत नाही: पूर्वेचं ऊन.
- आत उकडतंय आणि खाली उतरलं तरी तेवढंच उकडतंय: जागा बदला. यात तंबूचा दोष नाही, माझ्याकडं आणू नका.

एका तंबूत दोन-तीन लक्षणं एकदम असतात. त्यातलं कुठलं जास्त छळतं ते ठरवा आणि तिथून सुरुवात करा.

भाजताय की शिजताय?

हा प्रश्न बाकी सगळ्याच्या आधी. कारण आपल्या बेळगाव जिल्ह्यात एकाच रात्री दोन वेगळे उन्हाळे चालू असतात. अथणी, सौंदत्ती, गोकाककडं कोरडी तलखी असते, तिथं माणूस भाजतो. कणकुंबी, जांबोटी, चोर्ल्याकडं पारा कमी असतो, पण गदमदतं. तिथं माणूस शिजतो. बेळगाव शहर साडेसातशे मीटरवर, या दोन्हींच्या मधोमध. इथं मार्चमध्ये भाजतो, आणि मेमध्ये वळीव पडून गेला की त्याच गच्चीवर शिजतो. एका ठिकाणी चाललेला उपाय दुसरीकडं उलटतो, तो यामुळं.

तपासणी सोपी आहे. रुमाल भिजवून पिळा, दहा मिनिटं वाऱ्यावर धरा आणि गालाला लावा. गार लागला तर रात्र कोरडी. नुसताच ओला लागला तर दमट. जवळपास कुणाच्या घरी माठ असेल तर तेही करायला नको, पाणी पिऊन बघा. हवा ३० अंश आणि आर्द्रता ३५ टक्के असेल तर ओलं कापड १९-२० अंशांपर्यंत उतरू शकतं. हवा २७ अंश पण आर्द्रता ८५ टक्के असेल तर तेच कापड २५च्या खाली जात नाही. आकडा लहान दिसला म्हणून रात्र सोपी असेल असं नाही, ते एवढ्यासाठी.

हे मी पुस्तकात वाचून शिकलो नाही. अथणीकडं एकदा ओली चादर खिडकीला लावून झकास झोपलो होतो. पुढच्याच महिन्यात कणकुंबीला ओळखीच्या एकाच्या परड्यात गाडी लावली आणि तीच शहाणपट्टी तिथं केली. चादर रात्रभर वाळलीच नाही. उलट आतली हवा आणखी ओली झाली, अंगाला सगळं चिकटत होतं, आणि आमची ही दोन वाजता खाली गाडीत जाऊन झोपली. सकाळी तशीच दमट गादी घडीत बंद केली, आठ दिवसांनी उघडली तर तिच्यावर काळे ठिपके. ते अजून गेलेले नाहीत.

एक पैसा न घालता

*गाडी कशावर उभी आहे?* पहिली नजर चाकाखाली टाका. डांबर, काँक्रीट, उघडा खडक, हे सगळं दिवसभर ऊन पितं आणि मध्यरात्रीपर्यंत ओकत राहतं. नविलुतीर्थाच्या बाजूला मी एकदा सपाट कातळ बघून गाडी लावली. जागा अशी सपाट की चाकाखाली दगड घालायला नको, शिवाय संध्याकाळचा वारा. दहाला आडवा झालो तर खालून तव्यावर ठेवल्यासारखं. उतरून कातळाला हात लावला, तो चांगलाच कोमट. शेजारच्या शेतातला माणूस बॅटरी घेऊन आला, मला टपावरून उतरताना बघून हसला. "भाळ सेकी ऐतरी?" म्हणाला, म्हणजे कानडीत, लई उकडतंय का? मग त्यानंच त्याच्या रानाच्या बांधाकडं गाडी घ्यायला सांगितलं. दोनशे पावलांवर माती, सडं निघालेलं मोकळं रान, आणि तिथं पहाटे पांघरूण ओढावं लागलं.

माती, गवत, नांगरट लवकर निवते. फक्त काळ्या रानात गाडी घालताना आभाळ बघा. एक वळीव झाला की चाक रुतलंच समजा, आणि मग सकाळी उकाड्याची नाही, ट्रॅक्टरची आठवण येते.

झाडाचं काय, हे नेहमी विचारतात. दुपारी गाडी झाडाखाली असू दे, रात्री मोकळ्यावर काढा. दिवसा झाड ऊन अडवतं ते ठीकच, पण रात्री तापलेलं कापड आपली उष्णता उघड्या आभाळाकडं सोडत असतं. वर डेरेदार आंबा असला तर ती वाट बंद होते आणि वाराही अडतो. नारळाखाली तर दिवसाही नको. याचं कारण सांगायची गरज नाही.

*केबिन उघडलं का?* हे कुणीच करत नाही, आणि दर वेळी मी हेच आधी विचारतो. टपाचा पत्रा पातळ, तो सूर्य मावळल्यावर लगेच निवतो. साठा असतो तो खाली: सीट, डॅशबोर्ड, दिवसभर काचा लावून तापलेली हवा. ती ऊब रात्रभर पत्र्यातून वर तुमच्या पाठीला येत राहते. मुक्कामावर पोचलात की चारी दारं आणि डिकी अर्धा तास सताड उघडी टाका. मग आतून छताला हात लावून बघा. कोमट लागत असेल तर अजून वर चढू नका. रात्री चोराचिलटाची भीती नसेल तर काचा दोन बोटं खाली ठेवा.

याच कारणानं, बाहेर उलगडणारा तंबू असेल तर शिडीकडचा अर्धा भाग नेहमी गार असतो. त्याच्याखाली गाडी नसते, मोकळी हवा असते. डोकं तिकडं करा. लोक पाय तिकडं करतात, का तर रात्री उतरायला सोपं जातं म्हणे.

*कधी उघडता?* भर उन्हात चार वाजता उघडून, चेनी लावून फिरायला गेलात तर परत येईपर्यंत भट्टी तयार. आणि रात्री दहाला उघडून लगेच आत शिरलात तर दिवसभर तापलेल्या घडीत शिरलात. सूर्य कलला की उघडायचा, सगळ्या खिडक्या मोकळ्या करायच्या, आणि गादी आडवी न ठेवता भिंतीला टेकवून उभी करायची. अर्ध्या तासात ती दोन्ही बाजूंनी निवते. फोम उष्णता धरून ठेवतो, आणि आडवा असला की खालची बाजू निवतच नाही.

*वारा कुठून शिरतो आणि कुठून निघतो?* इथं जरा वेळ घालवा, कारण निम्म्या तक्रारी इथंच मिटतात.

बेळगावला उन्हाळ्यात संध्याकाळचा वारा पश्चिमेकडून, घाटाकडून येतो. म्हणून लोक सर्वांत मोठी खिडकी पश्चिमेला करतात आणि खूश होतात. पण शिरलेल्या वाऱ्याला निघायला जागा नसेल तर तो शिरतच नाही, बाहेरूनच वळसा घालून जातो. समोरची खिडकी उघडी हवी, आणि ती शिरण्याच्या खिडकीएवढी तरी हवी, मोठी असली तर उत्तम. गरम हवा वर चढते, म्हणून छताजवळची झडप कायम उघडी. दुकानात येणाऱ्या कित्येक तंबूंची ही झडप आतून वेल्क्रोनं बंद असते आणि मालकाला ती आहे हेच माहीत नसतं. वर पावसाचं कापड इतकं ताणून बांधलेलं असतं की झडप उघडली तरी ती त्या कापडाला चिकटून बसते. दोन्हींच्या मध्ये निदान चार बोटं फट पाहिजे.

तपासायला यंत्र नको. किराणा दुकानातली पातळ कॅरीबॅग घ्या, बोटभर रुंदीच्या पट्ट्या कापा आणि प्रत्येक खिडकीच्या वरच्या कडेला एकेक दोऱ्यानं लोंबती बांधा. आत शांत बसून बघा. एका खिडकीतली पट्टी आत झुकली पाहिजे आणि समोरची बाहेर. दोन्ही सरळ लोंबत असतील तर गाडी थोडी वळवा, एक खिडकी अर्धी बंद करून बघा, दार उघडून बघा. मी एकदा एका पोराला हा प्रकार दुकानापुढंच करून दाखवला. त्यानं दोन पंखे आणले होते बसवून घ्यायला. मागच्या खिडकीची गुंडाळी सुटून जाळीवर पडली होती, ती बांधल्याबरोबर पट्टी फडफडायला लागली. "मग पंख्यांचं काय करू?" म्हणाला. म्हटलं, घरी लाव.

अगरबत्ती लावून धूर बघू नका. कॅनव्हास आणि फोममध्ये विस्तव नेऊ नये.

*सकाळचं ऊन.* मे महिन्यात सहाच्या सुमाराला सूर्य वर येतो. संध्याकाळी जागा निवडताना पूर्वेला काय आहे ते बघून ठेवा. टेकडीचा उतार, घर, उसाचा फड, काहीही चालेल. तासभर झोप त्यात मिळते. याहून जास्त सांगण्यासारखं त्यात काही नाही.

शे-दोनशे रुपयांत

पाठ भिजण्याची तक्रार इथं सुटते. तंबूबरोबर येणाऱ्या गादीचं कव्हर बहुधा पॉलिस्टरचं, काहींचं तर जवळजवळ रेक्झिनसारखं. घाम जिरायला जागाच नाही. गादीवर जुनी वाकळ टाका. आजीच्या नऊवारीची, धुऊन धुऊन मऊ झालेली. सुती कापडाचे थर घाम शोषतात आणि पाठीखाली हवेला थोडी जागा देतात. गिऱ्हाइकं हसतात, पुढच्या वेळी येताना वाकळीबद्दलच बोलतात.

गादीच्या खालून ओल येत असेल तर गादी आणि तळाच्या फळीमध्ये काथ्याची चटई अंथरा. गरम अंगाची वाफ गादीतून खाली उतरते, गार फळीला लागते आणि तिथं पाणी होतं. मध्ये बोटभर मोकळी हवा असली की वाळून जातं. यासाठी जाळीदार खास चटया मिळतात, त्या चांगल्या आहेत. काथ्यानं माझं भागलं.

नंतर सावली. बेदाण्याच्या शेडला किंवा रोपवाटिकेवर टाकतात ती शेडनेट अथणी-चिकोडीकडं कुठल्याही शेतीमालाच्या दुकानात मीटरवर मिळते. तंबूवर ती सरळ अंथरायची नाही. वीतभर अंतर ठेवून दोरीनं ताणायची, म्हणजे मधून वारा वाहतो. चिकटून टाकलीत तर नेट तापते आणि तीच ऊब कापडाला देते. ताडपत्री वापरू नका, तिच्याखाली हवा कोंडते. आणि सूर्य मावळला की नेट काढून ठेवा, मघाशी आंब्याचं सांगितलं तेच कारण.

तुमच्या तंबूचं कापड श्वास घेणारं आहे का, तेही आत्ताच बघून ठेवा. कपात वाफाळता चहा घ्या, खिडकीच्या पडद्याचा मोकळा पदर त्यावर मिनिटभर घट्ट धरा आणि वरच्या बाजूला थंड स्टीलची वाटी टेकवा. वाटीवर दव आलं तर वाफ जाते. कोरडी राहिली तर कापडावर प्लास्टिकचा लेप आहे, आणि असल्या तंबूत खिडक्या बंद करून झोपणं म्हणजे इडलीपात्रात झोपणं. लेप वाईट नाही, पावसात तोच वाचवतो. पण मग खिडक्यांवरच्या छपरीच्या सळ्या रोज लावायचा कंटाळा करायचा नाही. छपरी उभी असली की वळीव आला तरी खिडकी उघडी राहते. सळ्या हरवल्या असतील तर बारीक लोखंडी सळी वाकवून कुठलाही वेल्डर करून देईल.

जाळी मळली असेल तर ब्रशनं धूळ झाडा. चोर्ल्याच्या रस्त्याची लाल धूळ जाळीच्या भोकांत बसली की वारा निम्मा होतो, आणि मालक खिडकीला नावं ठेवत बसतो. धुवायची झाली तर साध्या पाण्यानं. कपड्याच्या पावडरीनं कापडाचा पाणी न धरण्याचा गुण जातो.

आता पंखा

वरचं सगळं झालं असेल तरच. झोपलेला माणूस साधारण ७०-८० वॅट उष्णता सोडतो. दोघं म्हणजे दीडशे. जुना शंभरचा आणि पन्नासचा बल्ब त्या खोपटात रात्रभर लावून ठेवल्यासारखं. पंखा ही उष्णता कमी करत नाही, फक्त अंगावरून हलवतो. बाहेर जायला वाट नसेल तर तीच हवा फिरत राहते.

यूएसबीवर चालणारा पाच वॅटचा पंखा पुरतो. दहा हजार एमएएचची पॉवर बँक कागदावर ३७ वॅट-तास भरते, हातात येतात पंचवीसच्या आसपास. म्हणजे पाचेक तास. पहाटे पंखा बंद पडून जाग येते ती यामुळं. वीस हजारची घ्या, रात्र निघते. पहिली वीस मिनिटं पंखा खिडकीकडं तोंड करून ठेवा, आतली गरम हवा बाहेर फेकू दे. मग तुमच्याकडं वळवा, आणि तोही तोंडावर नाही, कमरेच्या बाजूनं.

कोरड्या भागात असाल तर आता ओलं कापड वापरा. सुती पंचा किंवा उपरणं भिजवून घट्ट पिळायचं, वारा ज्या खिडकीतून शिरतो तिच्या बाहेरच्या बाजूला निम्म्या उंचीपर्यंत लावायचं. पूर्ण खिडकी झाकली तर वाराच थांबतो. समोरची खिडकी सताड उघडी पाहिजे, नाहीतर ओल आत साठते. आणि पाणी गादीवर ठिबकता कामा नये. दमट भागात हे करायचंच नाही, माझ्या गादीवरचे ठिपके आठवा.

बर्फाचा प्रयोगही एक जण करून आला होता. थर्माकोलच्या डब्यात दोन किलो बर्फ, वर पंखा. हिशेब सांगतो: दोन किलो बर्फ वितळायला लागणारी उष्णता तुम्ही दोघं सव्वा तासात सोडता. तेही सगळ्या खिडक्या बंद असल्या तर. त्यापेक्षा तो बर्फ कोकम सरबतात घाला.

बॅटरीवरच्या छोट्या एसीबद्दल विचारतात. कॅनव्हासला उष्णता अडवायची ताकद नसतेच, तुम्ही रान गार करत बसाल.

हे करू नका

इंजिन चालू ठेवून एसी लावायचा आणि त्याची गार हवा पाइपनं वर घ्यायची, हा जुगाड मी स्वतः डोळ्यांनी बघितलाय. उभ्या गाडीचा धूर वारा पडला की तंबूभोवती साठतो. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही. झोपलेल्या माणसाला कळतच नाही. मच्छर कॉइल आणि शेगडीही आत नको. डासांसाठी जाळी आहे ना, तिचं भोक शिवून घ्या.

विजा कडाडायला लागल्या की तंबू सोडून खाली गाडीत, काचा लावून बसा. वळीव तासभराचा असतो.

आणि भीमगडकडच्या जंगलात गार वाटतं म्हणून रस्त्याकडेला मुक्काम टाकू नका. ते अभयारण्य आहे, वनखात्याच्या परवानगीशिवाय थांबायचं नाही.

इथं थांबा, माणूस बोलवा

कापड कापून खिडकी वाढवायची असेल तर घरी कात्री लावू नका. शिवणीत सुईचं प्रत्येक भोक पाणी आत घेतं. धागा, पट्टी आणि वरचा लेप, तिन्ही जमले तरच पावसाळा निघतो. हे हूडवाल्याचं काम, आणि तोही तंबू शिवलेला बघा.

गाडीच्या बॅटरीवरून वर पंख्याची लाइन ओढायची असेल तर ऑटो इलेक्ट्रिशियनकडं जा. एक अँपिअरचा पंखा आठ तास चालला तरी आठ अँपिअर-तास जातात, तेवढं चांगली बॅटरी सोसते. त्याच लाइनीवर फ्रिज जोडलात तर सकाळी गाडी सुरू होणार नाही. फ्यूज एकदा उडाला तर बदला. दुसऱ्यांदा उडाला तर मोठा फ्यूज घालू नका, वायर कुठंतरी घासतेय. जळका वास आला तर त्या रात्री लाइन तोडूनच झोपा.

वारा मिळावा म्हणून गाडी उंचावर लावता, तिथं रात्री कॅरिअर कुरकुरतं का ते ऐका. बिजागरी चिरलेली दिसली, कॅरिअरचा नट फिरतोय असं वाटलं, तर त्या तंबूत चढायचं नाही. वर आणखी सावलीची फ्रेम, सोलर पॅनेल चढवायच्या आधी टपाला किती वजन चालतं ते गाडीच्या पुस्तिकेत बघा. तंबूच पन्नास-साठ किलोचा असतो. हे काम वेल्डरचं नाही, कॅरिअर बसवणाऱ्याचं आहे.

माणसालाच त्रास झाला तर मात्र यातलं काही बघत बसायचं नाही. कुणी उकाड्यात असंबद्ध बोलायला लागलं, अंग चटका बसेल एवढं तापलं, उलट्या होऊन डोळे जड झाले, तर उष्माघात समजा. खाली आणा, मोकळ्यावर आडवं करा, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि १०८ला फोन करा. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी घालू नका. तान्हं मूल, गरोदर बाई, रक्तदाबाच्या गोळ्या घेणारे आजोबा, यांना एप्रिल-मेमध्ये टपावर झोपवायची हौस करूच नका. त्यांना घरात पंख्याखाली झोपू दे.

आणि हे सगळं करूनही आत झोपवत नसेल तर तंबू आणा दुकानात. येताना गादीसकट आणा, आणि गाडी धुऊन आणू नका. मला जाळीतली धूळ बघायची असते.